माठात बसवलेला आवाज

शाळेत आम्हाला तीनच ऋतू शिकवले. मी चौथीपर्यंतच गेले, पुढच्या वर्गात आणखी एखादा शिकवत असतील तर माहीत नाही. पण आमच्या बीडकडं एक चौथाही आहे. तो दर वर्षी येत नाही. येतो तेव्हा बाकीच्या तिघांच्या जागेवर बसतो. ज्वारीची कणसं दाणा भरायच्या आतच वाळतात, बांधावरच्या बोरी रिकाम्या राहतात, सकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर कॅन आपटल्याचा आवाज रोज थोडा थोडा कमी होत जातो. मग एके दिवशी शिवारात कुठंतरी सुरुंगाचा बार उडतो. लोक विहिरी खोल करायला लागले, की समजायचं, तो आला.

यंदा तो आलाय. परवा दुपारी मी ओसरीत ज्वारी निवडत बसले होते. माझी लेक कौशी चार दिवसांसाठी माहेरी आलीय, ती भिंतीला टेकून बसली होती. एकाएकी तिनं मान वर केली. मला काही ऐकू आलं नव्हतं, माझेही कान आता वयानं मंद झालेत. तिनं तळहात जमिनीवर ठेवला, मग मूठ करून बोटं फटकन उघडून दाखवली. ओढ्याच्या पलीकडं बार उडाला होता. तो मला माझ्या बहिऱ्या लेकीनं सांगितला.

मग ज्वारीत खडे दिसेनासे झाले. तो सगळा उन्हाळा डोळ्यांपुढं आला. आमच्या घरात पहिल्यांदा टेप आला तो उन्हाळा.

कौशी जन्माची बहिरी नाही. त्या दुष्काळाच्या आधीच्या श्रावणात ती तापली. चार वर्षांचीही नव्हती. ताप उतरला तेव्हा सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. पोर वाचली, एवढंच आम्हाला दिसत होतं. हाक मारल्यावर वळायची नाही, तर वाटायचं खेळात आहे, आजारपणानं हट्टी झालीय. एकदा तिच्या पाठीमागं पितळी तांब्या पडला, गडगडत दारापर्यंत गेला, आणि ती आपल्या चिंधीच्या बाहुलीला पदर गुंडाळतच राहिली. तेव्हा मला कळलं.

कान गेले ते एका तापात गेले. बोलणं मात्र हळूहळू गेलं. ते बघणं जास्त अवघड होतं. आधी लांबचे शब्द गेले. मोटार गेली, चिमणी गेली, डेअरी गेली. मग जवळचे गेले. भाकर बोबडी झाली आणि नाहीशी झाली. आई हा शब्द संक्रांतीच्या सुमारास गेला. मी ते कुणाला सांगितलं नाही. बापाला ती दादा म्हणायची, तो तेवढा राहिला होता, तोही निम्मा. दा.

आंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई बऱ्या होत्या. कानात बत्ती घालून बघितलं, मागं उभं राहून घंटी वाजवली, आणि म्हणाल्या की नस वाळलीय, आता औषध नाही. शहरात अशा मुलांच्या शाळा असतात, तिकडं बघा. मालक खाली मान घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर झाडाखाली बसून त्यांनी तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही.

मालक म्हणजे कौशीचे वडील, सुरुंगाच्या टोळीत होते. विहिरीच्या तळाला पहारीनं भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि दोराला धरून वर यायचं. फुटलेला दगड मग यारीनं वर ओढायचा. दुष्काळ म्हणजे बाकीच्यांना बेकारी, ह्यांना काम. त्या साली साखर कारखान्यानं सभासदांच्या विहिरी खोल करायला उचल दिली होती, त्यामुळं टोळीला दिवस पुरत नव्हता. त्यांच्या कपड्यांना कायम सुरुंगाच्या दारूचा उग्र वास यायचा. कौशी त्या वासावरूनच त्यांना ओळखायची, ते वळणावर असतानाच दाराकडं बघायची. आम्ही म्हणायचो, बघा, बापाची चाहूल लागते तिला.

एकदा मी कौशीला घेऊन विहिरीवर भाकरी द्यायला गेले. टोळीतल्या माणसानं बार हाय, लांब व्हा, अशी आरोळी दिली. मी लिंबाखाली तिचा हात धरून उभी राहिले. तिची पाठ विहिरीकडं होती आणि पाय अनवाणी होते. बार उडाला, आणि ती गर्रकन वळली. हसली. दा, म्हणाली.

मालकांनी ते पाहिलं. धूळ खाली बसायच्या आत पळत आले.

"ऐकलं तिनं. तू बघितलंस का, ऐकलं."

त्या रात्री ते जेवले नाहीत, नुसते बोलत राहिले. एरवी सबंध दिवसात चार वाक्यं बोलणारा माणूस. मला म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय? झरा कधी वाळत न्हाई. बुजतो. तुला सांगतो, कोरड्या पडलेल्या विहिरीला किती जागी पाणी फुटलं माझ्या हातानं. दणका बसला की उघडतो झरा. तिचा कान बी तसाच हाय."

मला ते खरं वाटलं. आमच्या घरात ह्यांच्याइतकं झऱ्यांचं कुणाला कळत नव्हतं. दवाखान्याची बत्ती मी एकदा पाहिली होती, आणि विहिरीला पाणी फुटलेलं कितीदा.

पण पोरीला रोज सुरुंगाजवळ कसं उभं करणार? त्यातून टेपची गोष्ट निघाली. गावात एकच मोठा टेप होता, दूध सोसायटीच्या चेअरमनच्या घरी. दोन बाजूंना दोन स्पीकर, त्याला स्टिरिओ म्हणतात हे आम्हाला तिथंच कळलं. डाव्या बाजूनं वेगळा आवाज, उजव्या बाजूनं वेगळा. मालकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. दोन कान, दोन स्पीकर. दोन्ही झऱ्यांना बरोबर दणका.

चेअरमनच्या बायकोनं एकदा बसू दिलं, दोनदा बसू दिलं. तिसऱ्यांदा म्हणाली, पावणे यायचेत. त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आपलाच घ्यायचा असं ठरलं, तसं गाव बोलायला लागलं. डेअरीच्या ओट्यावर दूध मोजून घेणारा धोंडिबा सगळ्यांदेखत म्हणाला, "प्यायला पाणी न्हाई, अन् ह्येला गाणं पायजे." त्याच्या शेजारचा म्हणाला, "तेबी बहिऱ्या पोरीसाठी." लोक हसले. दुष्काळात माणसं हसायला काहीतरी शोधतच असतात. मी घागर काखेत घेऊन तशीच पुढं गेले. मला कधीच कुणाला उलट बोलता आलं नाही.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. त्यांना पोरीला नारायणगडावर न्यायचं होतं. मालक म्हणाले, न्या, मी कुठं नको म्हणतोय. त्या घेऊन गेल्या, गडावर पोरीचं डोकं टेकवलं, नवस बोलल्या, येताना कौशीला काचेच्या बांगड्या घेऊन आल्या. त्या बांगड्या ती कानाजवळ नेऊन हलवायची नाही. ओठांना लावून हलवायची. आम्ही ते बघत होतो, पण त्याचा अर्थ आम्ही लावला नाही.

विहिरीची मजुरी आणि दूध सोसायटीचा बोनस, एवढंच होतं. घरावरचे पत्रे बदलायला ठेवलेलं. ते कमरेला बांधून आम्ही तिघं केजला गेलो. बसमध्ये कौशी खिडकीच्या गजाला दात लावून बसली होती आणि गाडी थरथरली की हसत होती.

स्टँडच्या मागच्या गल्लीत रहीमभाईंचं दुकान होतं. रेडिओ दुरुस्त करायचे, टेप स्वतः जोडून विकायचे. दाढी मेंदीनं लाल, डोळ्याला जाड भिंग. मी बाहेरच पायरीवर उभी राहणार होते, पण ते म्हणाले, भाभी आत या, ऊन लई हाय. आणि कौशीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

त्यांनी तीन नग दाखवले. पहिला कंपनीचा. चांदीसारखा चकाकणारा, पुढं हिरवे-तांबडे दिवे गाण्याबरोबर खालीवर होणारे. मालकांनी कौशीला त्याच्याकडं पाठ करून उभं केलं आणि रहीमभाईंना म्हणाले, लावा. इतका गोड, स्वच्छ आवाज मी आजवर ऐकला नव्हता. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबल्या. कौशी गूळ चाटत राहिली.

रहीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. काय चाललंय हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं. ते म्हणाले, "दादा, ह्या पोरीसाठी बघायलाव का?" मालक म्हणाले, दुसरा लावा.

दुसरा कुणाचा तरी वापरलेला होता, दोन मोठ्या लाकडी पेट्यांचा. टेबलावर ठेवून लावला. आवाज मोठा, पण एका पेटीतून खरखर यायची. कौशी वळली नाही. मालकांच्या कपाळावर घाम आला. आवाज वाढवा, म्हणाले. रहीमभाईंनी वाढवला. शेजारचा घड्याळवाला ओरडून काहीतरी म्हणाला. कौशीनं बोटं चाटून फ्रॉकला पुसली.

तिसरा नग म्हणजे नुसतं यंत्र. पेट्याच नव्हत्या, दोन उघडे स्पीकर तारेला लोंबत होते. रहीमभाई म्हणाले, पेट्यांचा खर्च वाचवायचा असंल तर घरचे दोन माठ आणा. माठाच्या तोंडावर स्पीकर बसवला की आवाज असा घुमतो, लाकडाची पेटी बी त्याच्यापुढं काय न्हाई. गरिबाचा स्टिरिओ हाय ह्यो. त्यांनी दाखवायला आपल्या दुकानातले दोन रिकामे माठ फरशीवर ठेवले, त्यांच्या तोंडांत स्पीकर बसवले आणि हलगीची कॅसेट लावली.

कौशी वळली.

गुळाचा चिकट हात तसाच पुढं धरून ती माठाकडं गेली. मालक कमरेचे पैसे सोडायला लागले. मग म्हणाले, "ह्योच. ह्योच द्या."

रहीमभाईंनी कौशीला हाताला धरून परत भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि एक माठ दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. मला म्हणाले, "भाभी, तुमी दुसरा उचला जरा."

मी उचलला. माझ्या हातात तो आतून थडथडत होता, अंगात एखादं जनावर कोंडल्यासारखा. हलगी तशीच वाजत होती, तितकीच मोठी. कौशी भिंतीकडं बघत उभी होती. भिंतीवरच्या मुंगळ्यामागं तिचं बोट चाललं होतं.

मी माठ धरून मालकांकडं बघत होते. त्यांनी कौशीच्या पायांकडं बघितलं. फरशीकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. एवढी वर्षं संसार केला, त्यांना कळलं की मला कळायचंच.

रहीमभाई हळू आवाजात म्हणाले, "दादा, बच्ची पावां से सुनरी."

"ठेवा खाली," मालक म्हणाले.

आम्ही माठ खाली ठेवले. कौशी वळली, हसली.

"बघा," मालक म्हणाले, "ऐकायलीय की पोरगी."

रहीमभाईंनी मग भाव केला नाही. मालक जे म्हणाले त्याला हो म्हणाले, आणि हलगीची कॅसेट वरून फुकट दिली. आम्ही पायरी उतरलो तरी ते दारात उभेच होते.

घरी सासूबाईंचे दोन माठ होते. टँकरचं पाणी लोखंडी टाकीत भरायचो, त्यामुळं माठ उतरंडीशेजारी कोरडे पडलेले. त्या म्हणाल्या, "पाण्याच्या भांड्यात आवाज भरायला निघालात. कावून करायलाव रे असं?" माठ धुवायलाही पाणी नव्हतं, पदरानं पुसून दिले मी.

ते दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. सांजेला वीज आली की मालक पोत्यावरचे माठ सारखे मांडायचे, एक डावीकडं, एक उजवीकडं. मधे कौशी. मग खालचं पोतं काढायचे, म्हणायचे, माती लागू दे माठाला. म्हणजे त्यांना माहीत होतं. तरी प्रत्येक गाण्यानंतर टेप बंद करून तिच्या मागं जाऊन उभे राहायचे आणि हाक मारायचे, "कौशे." मग दोन पावलं मागं सरून पुन्हा, "कौशे." विहिरीच्या काठावरून तळाला हाक मारतात तशी लांबवून. मी चुलीपुढं बसलेली असायचे. हाक मारली की भाकरी थापणारा माझा हात थांबायचा. ती वळली नाही, की पुन्हा चालू व्हायचा.

ती मात्र फार आनंदात होती. त्याचंच जास्त वाईट वाटतं. माठाला मिठी मारून त्याच्या पोटाला गाल लावायची, डोळे मिटायची. गल्लीतली लेकरं गाणी ऐकायला जमायची, तोंडानं म्हणायची. ती त्यांच्या ओठांकडं बघून आपलंही तोंड उघडझाप करायची. पहिल्यांदा लेकरं हसली. नंतर त्यांना सवय झाली. तिला गाण्याचं काही नव्हतं. हलगी लागली की ती नाचायची, म्हणून मालक हलगीच लावायचे. शेजारची गंगूबाई एकदा दारात येऊन म्हणाली, "तुमच्यात मयत हाय का लगीन, एकदा सांगा तरी. आमाला कपडे कोणते घालावं कळंना." मालकही हसले होते त्या दिवशी. त्यांना हसताना बघून मी आत जाऊन रडले.

वैशाख संपत आला तसे ते कमी वेळा हाक मारायला लागले. गाणं संपायचं, ते उठायचे, तिच्या मागं उभे राहायचे. तोंड उघडायचे आणि नुसताच श्वास सोडून परत यायचे. मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची रीत नव्हती. एकदा मात्र भाकरी वाढताना माझ्याच तोंडून निघालं, "त्या बाई शाळेचं म्हणाल्या होत्या." त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नको, ते मला कळलं नाही. पण भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात बराच वेळ तसाच राहिला.

आणि मग ओढ्याकाठच्या विहिरीला पाणी लागलं. तीन जागी बार करून झाले होते, कारखान्याचा माणूस येऊन बंद करा म्हणून गेला होता, मालकांनी हट्टानं आणखी एक भोक पाडलं. बार उडाल्यावर खाली उतरले तेव्हा कातळातून बोटाएवढी धार सुटली होती. गावात ती बातमी आधी येऊन पोचली. बाया नारळ घेऊन विहिरीकडं निघाल्या. ज्या धोंडिबानं हसू केलं होतं, त्यानंच ह्यांच्या कपाळाला गुलाल लावला म्हणे.

मी घरीच होते. कौशी ओसरीत दाराकडं पाठ करून चिंचोके मांडत बसली होती. मालक आले. गुडघ्यापर्यंत चिखल. केसात गुलाल. सबंध सालातली सगळ्यात मोठी बातमी घेऊन माणूस घरी आला होता, आणि ती त्यांना आधी लेकीलाच सांगायची होती. ते त्यांच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं, की मी पुढं झालेच नाही.

दारात थांबले. हाक मारायला तोंड उघडलं. छाती भरून आली होती त्यांची, हाक आतपर्यंत आलेली मला दिसली. मग त्यांनी तोंड मिटलं. उजवा पाय उचलला, आणि ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर जोरात आपटला.

कौशी वळली आणि धावत गेली.

त्यांनी तिला उचललं, चिखलाचा ओला हात तिच्या गालाला लावला. तिनं तो चिखल जिभेनं चाखला, आणि हात पसरून पाणी, पाणी असं काहीतरी खुणेनं केलं. ते हो हो म्हणून मान हलवत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती. मी माझ्या नवऱ्याला रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

दिवाळीनंतर ते तिला शाळेत घालून आले. टेप केजला परत नेऊन दिला. सासूबाईंनी दोन्ही माठ धुऊन पाणी भरायला घेतले. शाळेत कौशी हातांनी बोलायला शिकली. तिचा नवराही तसाच आहे, भला माणूस. लेकरं ऐकती-बोलती आहेत, पण तिला बोलवायचं झालं की पदर ओढतात किंवा पाय आपटतात. तिच्या आयुष्याचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. तिला तर त्यातलं काही माहीतही नाही. आमच्यातलं काहीतरी गेलं. त्या दिवसापासून आमच्या घरात तिला कुणी हाक मारली नाही. ज्या नावासाठी बारशाला आत्यांची भांडणं झाली होती, ते नाव नुसतं पडून राहिलं. मालक गेले तेव्हा शेवटचे दोन दिवस ती उशाशी होती. त्यांना तिला जवळ बोलवायचं असलं, की ते खाटेच्या लाकडावर टाच घासायचे. शेवटपर्यंत त्यांनी नाव घेतलं नाही.

काल संध्याकाळी ती ओसरीत माझ्याकडं पाठ करून बसली होती, धाकट्या लेकीला पुढं बसवून तिची वेणी घालत होती. मी दारात होते. पाऊल न हलवता, कशाला हात न लावता, हळूच म्हणाले, "कौशे."

नात वळली. कौशीला वाटलं, पोरगी चुळबुळ करतेय. तिनं दोन्ही तळहातांनी तिचं डोकं धरून पुन्हा सरळ केलं, आणि वेणी पुढं घालायला लागली.